एकाच डब्यातला रंग, एका पॅनलवर टिकला, दुसऱ्यावरून सोलला! बाइकचे प्लास्टिक पॅनल घरी रंगवताना नेमकं काय चुकतं?

बाइक आठ-दहा वर्षांची झाली की इंजिनाआधी तिचं वय दिसतं ते पॅनलवर. उन्हाने उडालेला रंग, पार्किंगमधले ओरखडे, सीटखालच्या पॅनलवर बुटाने घासून पडलेला पांढुरका डाग. नवा पॅनल मागवला तर खिशाला चाट बसते, शिवाय जुन्या मॉडेलचा पॅनल मिळेलच असं नाही. मग मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहायचे, ऑटो पेंटच्या दुकानातून स्प्रे कॅन आणायचा आणि रविवारी गच्चीत काम उरकायचं, असा बेत ठरतो.

मीही तेच केलं होतं. दोन पॅनल, एकच कॅन, एकच दुपार. संध्याकाळी दोन्ही नव्यासारखे दिसत होते. तीन आठवड्यांनी वॉशिंग सेंटरवर पाण्याचा फवारा बसला आणि एका पॅनलवरचा रंग दुधावरची साय निघावी तसा सलग सोलून आला. दुसऱ्याला काहीच झालं नाही. दोष रंगाचा नव्हता. मी ज्याला 'प्लास्टिक' म्हणत होतो, ती दोन वेगळी प्लास्टिकं होती.

हे काम घरी होऊ शकतं का? होऊ शकतं. पण त्यातला बराचसा वेळ रंग मारण्याआधीच्या तयारीत जातो, आणि एक टप्पा असा आहे की तो घरी न केलेलाच बरा. क्रमाने समजून घेऊया.

आधी ओळखा: पॅनल कोणत्या प्लास्टिकचा?

बाइकवर मुख्यतः दोन प्रकारची प्लास्टिकं भेटतात. पहिलं एबीएस. चकचकीत रंगाचे साइड पॅनल, टेल पॅनल, फेअरिंग बहुतेकदा याचे असतात. दुसरं पॉलिप्रॉपिलीन, म्हणजेच पीपी. काळपट, खरबरीत, न रंगवलेले आतले पॅनल, चिखल अडवणारे भाग बऱ्याचदा याचे असतात. बादली आणि डब्यांसाठी वापरतात त्याच जातीचं हे प्लास्टिक.

ओळखायचं कसं?

• पॅनल काढून मागची बाजू पाहा. अनेक पॅनलवर दोन कोनी खुणांच्या मध्ये एबीएस किंवा पीपी अशी रोमन अक्षरं ठोकलेली असतात. पीपीच्या पुढे आणखी काही अक्षरं असली तरी ते पीपीच्याच कुळातलं समजा.

• अक्षरं नसतील तर मागच्या, न दिसणाऱ्या कडेवरून कटरने छोटा तुकडा तासा. त्यावर रंग नको. साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात तो बुडवून सोडा. पीपीची घनता पाण्यापेक्षा कमी, सुमारे ०.९, म्हणून तुकडा वर येतो. एबीएसची सुमारे १.०५, म्हणून तो तळाला जातो.

तुकडा जाळून वासावरून ओळखायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एबीएसचा धूर विषारी असतो, आणि पाण्याच्या वाटीने तेच काम होतं.

रंग 'चिकटतो' म्हणजे काय होतं?

द्रव रंग पृष्ठभागावर पसरला, तरच तो धरून राहतो. पसरायचं की थेंब होऊन आक्रसायचं, हे पृष्ठभागाच्या ऊर्जेवर ठरतं. पीपीची पृष्ठभाग ऊर्जा कमी असते. मेणावर पाणी टाकल्यासारखी गत होते. रंग वाळून पापुद्रा तयार होतो, पण खाली त्याची पकड नसते. धक्का बसेपर्यंत तो नुसता बसलेला असतो.

एबीएसवर तसं होत नाही. रंगातलं द्रावक एबीएसचा वरचा थर किंचित मऊ करतं आणि रंग त्यात रुततो. पण हाच गुण उलटूही शकतो. ॲसिटोन, एनसी थिनर किंवा पेट्रोलने एबीएस खसाखसा पुसला तर तो चिकट होतो, आणि बोल्टच्या भोकांजवळ, जिथे ताण असतो तिथे, काही दिवसांनी बारीक तडे दिसू लागतात. गॅरेजमध्ये पेट्रोलचं फडकं हाताशी असतं म्हणून पॅनल त्यानेच पुसायची सवय असते. ती इथे सोडा.

काय काय लागेल?

दोन साइड पॅनल आणि एक टेल पॅनल एवढं काम धरून:

• वॉटर पेपर: ४००, ६००, १०००, २००० नंबर
• कोपऱ्यांसाठी करड्या रंगाचं घासायचं पॅड
• आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा प्लास्टिकला चालणारा ग्रीस रिमूव्हर
• धागे न सुटणारी दोन-तीन स्वच्छ फडकी
• पीपी असेल तर अडिजन प्रमोटर
• प्लास्टिकला चालणारा प्रायमर, एक कॅन
• रंग, दोन कॅन आणि लॅकर, एक कॅन
• मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, लटकवायला तार
• सेंद्रिय वाफांसाठीची कार्ट्रिज असलेला हाफ मास्क, गॉगल, नायट्राइलचे हातमोजे

शक्यतो प्रायमर, रंग आणि लॅकर एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले घ्या. वेगवेगळ्या जातींचे थर एकमेकांवर मारले की खालचा थर फुगून सुरकुत्या पडतात.

रंगाची छटा जुळवायची तर गाडीवरचा कलर कोड शोधा. तो अनेक गाड्यांत सीटखालच्या स्टिकरवर असतो. दुकानात जाताना एक पॅनल सोबत न्या आणि छटा बाहेर उजेडात ताडून पाहा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो. मेटॅलिक आणि पर्ल रंग जुळवणं सर्वांत अवघड. पहिल्यांदाच करत असाल तर साधा काळा, लाल, पांढरा असा सॉलिड रंग निवडा.

पायरी १: काढा, धुवा, मगच घासा

पॅनल गाडीवर ठेवून रंगवू नका. स्क्रू काढल्यावर पॅनल बहुतेकदा रबरी ग्रोमेटमध्ये रुतलेल्या खुंट्यांवर असतो. पिरगाळू नका, खुंटीच्या रेषेत सरळ ओढा. थंडीच्या सकाळी प्लास्टिक कडक असतं आणि खुंट्या तुटतात. थोडं ऊन लागू द्या.

मग भांड्यांचा साबण आणि कोमट पाण्याने धुवा, वाळवा आणि अल्कोहोलने पुसा. एका फडक्याने लावायचं, ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. हे घासण्याच्या आधीच का? कारण चमक आणणाऱ्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. ते न काढता पेपर मारला तर ते ओरखड्यांच्या तळाशी दाबलं जातं, आणि रंग मारताना जागोजागी गोल खड्डे पडतात.

स्टिकर असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून हळूहळू सोला. नखाने कड लागत नसेल तर स्टिकर कंपनीच्या लॅकरखाली आहे. तो निघणार नाही, घासूनच सपाट करावा लागेल.

पायरी २: घासणं, पण किती?

जुना रंग पूर्ण काढायची गरज नसते. नीट चिकटलेला कंपनीचा रंग हा नव्या रंगासाठी उत्तम पाया आहे. फक्त त्याची चमक मारायची. जिथे रंग उडालाय तिथे ४०० नंबरने उतरती कड करा. बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. मग पूर्ण पॅनल ६०० नंबरने, पाणी घेत घेत. रंग काढायचं रसायन प्लास्टिकवर कधीच वापरू नका, त्यात पॅनलच विरघळू शकतो.

कडा आणि कोपरे इथे लोक घाई करतात, आणि रंग सोलायला सुरुवात होते तीही तिथूनच. तिरक्या उजेडात पॅनल धरा. चमकणारा प्रत्येक ठिपका म्हणजे राहिलेली जागा.

सोपी चाचणी: घासलेल्या जुन्या रंगावर पाणी ओता. पाण्याचा सलग पडदा राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब होऊन फुटला तर तेलकटपणा आहे, पुन्हा पुसा. मात्र उघड्या पीपीवर ही चाचणी लावू नका. तिथे स्वच्छ असूनही पाणी फुटतंच.

तडा गेला असेल तर?

तडा लांबीने बुजवला तर तो पुन्हा उघडतो. आधी तो थांबवावा लागतो. तड्याच्या टोकाला साधारण ३ मिलिमीटरचं छिद्र पाडा, म्हणजे तिथला ताण पसरतो आणि तडा पुढे सरकत नाही. एबीएस असेल तर मागून फायबरची जाळी आणि इपॉक्सी लावता येते. पीपीवर साधं इपॉक्सी धरत नाही. त्याला पीपीच्याच कांडीने प्लास्टिक वेल्डिंग लागतं. ते जमणाऱ्याकडून करून घ्या.

लांबी भरायची तर प्लास्टिकसाठीची लवचीक घ्या आणि पातळ थर द्या. पत्र्यासाठीची नेहमीची लांबी कडक असते. पॅनल वाकतो, ती वाकत नाही आणि भेगाळते.

पायरी ३: प्रायमर

पॅनलच्या भोकांतून तार ओवून लटकवा. मागच्या खुंट्यांना टेप लावा, नाहीतर रंगाच्या जाडीने त्या ग्रोमेटमध्ये बसत नाहीत. शेवटचं एकदा अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावू नका.

पीपी किंवा उघडं पडलेलं प्लास्टिक असेल तर आधी अडिजन प्रमोटरचे एक-दोन अगदी पातळ हात. हाच तो थर, जो मी माझ्या सोललेल्या पॅनलवर दिला नव्हता. डब्यावर लिहिलेल्या वेळेतच त्यावर प्रायमर मारा. वेळ उलटली तर त्याचा उपयोग जातो.

प्रायमरचे दोन-तीन पातळ हात, मध्ये १० ते १५ मिनिटं. पूर्ण वाळल्यावर ६०० किंवा ८०० नंबरने ओला पेपर हलक्या हाताने. ओरखडे उरले असतील तर ते प्रायमरच्या एकसारख्या रंगावर लगेच दिसतात. इथेच दुरुस्त करा. वरचा रंग काहीही लपवत नाही, उलट चमकेमुळे ते जास्त उठून दिसतं.

पायरी ४: रंगाचा हात

• कॅनमधली गोळी वाजायला लागल्यावर पुढे किमान दोन मिनिटं हलवा.
• अंतर एक वीत, म्हणजे साधारण २० ते २५ सेंटिमीटर.
• फवारा पॅनलच्या बाहेर सुरू करा, सरळ रेषेत पलीकडे न्या आणि बाहेर गेल्यावरच बटण सोडा. मनगट कमानीत फिरवू नका.
• प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याला निम्मा झाकेल असा.
• पहिला हात धुक्यासारखा. खालचा प्रायमर दिसला तरी चालेल. घाई इथेच नडते.
• १० मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही चांगले.

किती वेळात पुढचा हात द्यायचा हे डब्यावर लिहिलेलं असतं. काही रंगांना पुढचा हात ठरावीक वेळेच्या आत किंवा मग पूर्ण वाळल्यावरच चालतो. मधल्याच वेळी मारला तर सुरकुत्या येतात.

हवा कशी हवी?

पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे काम काढू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दमट हवेतली वाफ जमते आणि रंग दुधाळ पडतो. उलट मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात पारा ४० च्या वर असताना रंगाचे कण हवेतच वाळतात आणि पॅनलवर खरबरीत भुकटी बसते. २० ते ३० अंशांचा, कोरडा, वारा नसलेला दिवस बघा. हिवाळ्यात सकाळचं दव उडाल्यावर, दहाच्या पुढे सुरू करा. पॅनल सावलीत ठेवा आणि जमिनीवर पाणी शिंपडा, म्हणजे धूळ उडत नाही.

पायरी ५: लॅकर, आणि इथे जरा थांबा

रंगाला चमक आणि संरक्षण देतो तो वरचा पारदर्शक थर, लॅकर. बाजारात दोन प्रकार मिळतात. साधा, ज्याला वन-के म्हणतात, आणि हार्डनर मिसळलेला टू-के.

टू-के कडक असतो, पेट्रोलच्या थेंबाला दाद देत नाही. वन-के घरी सोपा, पण टाकी भरताना ओघळलेलं पेट्रोल लगेच पुसलं नाही तर डाग पडतो. साहजिकच व्हिडिओत सगळे टू-के सुचवतात.

पण त्यांतले अनेक जण एक गोष्ट सांगत नाहीत. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो. शरीर एकदा त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येऊ शकतो, आणि ही संवेदनशीलता बहुधा कायमची राहते. त्वचेवाटेही धोका असतो. आयसोसायनेटला वासाची पूर्वसूचना नसते, त्यामुळे मास्कची कार्ट्रिज संपली हे कळत नाही. म्हणूनच चांगल्या पेंट बूथमध्ये बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क वापरतात. रुमाल, कापडी मास्क किंवा एन-९५ इथे पुरेसा नाही. एन-९५ कण अडवतो, वाफ नाही.

म्हणून सल्ला स्पष्ट आहे: घरी वन-के वापरा. टू-केच हवा असेल तर रंगापर्यंतचं काम घरी करा आणि लॅकरसाठी पॅनल बूथ असलेल्या पेंटरकडे न्या. फक्त आधी त्याला विचारा, तुमच्या कॅनमधल्या रंगावर त्याचा लॅकर चालेल का. घरात दम्याचा रुग्ण, लहान मूल किंवा गर्भवती असेल तर साधा स्प्रेही घराजवळ नको.

आगीचंही तसंच. अनेक स्प्रे कॅनमध्ये रंग बाहेर ढकलणारा वायू एलपीजीच्या जातीचा असतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत पसरतो. बंद गॅलरी, बाथरूम, जिन्याखालची जागा टाळा. जवळ गॅस गिझर, शेगडी, देवापुढची समई, पेटती उदबत्ती नको. कॅन उन्हात तापू देऊ नका आणि रिकामा झाला तरी जाळू नका, भोक पाडू नका.

बिघडलं तर?

• ओघळ आला: पुसू नका. एक दिवस वाळू द्या, १००० नंबरने सपाट करा, पुन्हा पातळ हात.

• संत्र्याच्या सालीसारखं दिसतंय: अंतर जास्त होतं किंवा रंग लवकर वाळला. लॅकरवर असेल तर १५०० ते २००० नंबर आणि रबिंग कंपाउंडने बरंच सुधारतं.

• गोल खड्डे पडले: सिलिकॉन किंवा तेल. वरून रंग ओतून भरत नाही. वाळू द्या, घासा, पुसा, पुन्हा सुरुवात.

• दुधाळ झालं: कोरड्या दिवशी हलका घासून पुन्हा एक पातळ हात.

• सोलला: पकडच नाही. तेवढाच तुकडा भरून भागत नाही, त्या पॅनलचं सगळं काम पुन्हा.

लगेच बसवू नका

अर्ध्या तासात रंग हाताला लागेनासा होतो, पण आतून तो कच्चाच असतो. किमान ४८ तास थांबून पॅनल बसवा. दोन आठवडे प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका, महिनाभर पॉलिश लावू नका. कंपाउंड मारायचं तर आठवड्याने, आणि कडांना टेप लावून. कडेवर थर सर्वांत पातळ असतो, क्षणात खालचा प्रायमर उघडा पडतो.

काय रंगवू नका?

हेल्मेट. स्प्रेमधलं द्रावक हेल्मेटचं कवच आणि आतलं थर्मोकोलसारखं अस्तर कमकुवत करू शकतं. बाहेरून ते दिसत नाही, अपघातात कळतं. हेडलाइटची काच, रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेटलाही हात लावू नका. पेट्रोलची टाकी पत्र्याची असते, तिचं काम वेगळं आणि पेट्रोलच्या वाफांमुळे जास्त धोक्याचं. ती पेंटरकडेच द्या.

आरटीओचं काय?

आरसीवर गाडीच्या रंगाची नोंद असते. त्याच रंगात पुन्हा रंगवणं ही दुरुस्ती झाली. रंगच बदलायचा असेल तर कॅन विकत घेण्याआधी आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा, नोंद बदलून घ्या. आणि एक रंग मुळीच नाही: ऑलिव्ह ग्रीन. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार तो संरक्षण दलाच्या वाहनांसाठी राखीव आहे.

थोडक्यात

• रंग घेण्याआधी पॅनल उलटा करून प्लास्टिकचा प्रकार पाहा.
• पीपी असेल तर अडिजन प्रमोटरशिवाय सुरू करू नका.
• धुणं, पुसणं, घासणं हाच क्रम. पेट्रोल आणि थिनर दूर ठेवा.
• पातळ हात, मध्ये वेळ, कोरडी हवा.
• टू-के लॅकर घरी नको.
• पहिला प्रयोग गाडीच्या पॅनलवर करू नका. भंगारवाल्याकडून तुटका पॅनल आणा आणि त्यावर पूर्ण प्रक्रिया करा. वाळल्यावर त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टीला रंग लागून आला नाही, तरच आपला पॅनल हातात घ्या.

माझा सोललेला पॅनल दुसऱ्यांदा याच क्रमाने केला. अर्ध्या दिवसाच्या कामाला दोन सुट्ट्या गेल्या. त्यानंतर गाडी कितीदा तरी वॉशिंगला गेली आहे. रंग जागेवर आहे.